‘दाम’ मूळचा ग्रीक, मग ग्रीक लोक स्वतः काय म्हणतात? पैसा, किंमत, कर्ज आणि महागाईच्या शब्दांची गोष्ट

इंग्रजीतला ‘कॉस्ट’ हा शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला आणि ग्रीक भाषा निवडली, की उत्तर येतं ‘कोस्तोस’. काम झालं असं वाटतं. पण अथेन्सच्या भाजीबाजारात टोमॅटोचा भाव विचारताना कोणी ‘कोस्तोस’ म्हणत नाही. तिथे विचारतात, ‘पोसो कानी?’ शब्दशः अर्थ ‘किती करतं?’ आपण दुकानात ‘किती झाले?’ असं विचारतो, त्याच्या अगदी जवळचं.

‘पोसो कोस्तिझी?’ म्हणजे ‘किती खर्च येतो?’ हेही चालतं आणि सगळ्यांना समजतं. फक्त ‘कोस्तोस’ हा मुळात ग्रीक शब्द नाही. तो इटालियन ‘कोस्तो’वरून आला. क्रीट बेट १६६९ पर्यंत आणि आयोनियन बेटं १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होती. व्यापार त्यांच्या हातात होता, त्यामुळे व्यापाराचे बरेच शब्दही त्यांचेच राहिले. दुकानदार सुट्टे परत देतो त्याला ग्रीकमध्ये ‘रेस्ता’ म्हणतात, तोही इटालियनच. मराठीने हिशेब, रक्कम, जमा, खर्च हे शब्द फारसी-अरबीतून घेतले, तसाच हा प्रकार.

इंग्रजीतले पैशाचे साधे शब्द ग्रीकमध्ये नेताना एकाचे चार होतात, चाराचा एक होतो आणि मध्येच एखादा शब्द थेट मराठीच्या घरात येऊन पोहोचतो.

किंमत आणि मान, दोन्हींसाठी एकच शब्द

इंग्रजी ‘प्राइस’साठी ग्रीक शब्द आहे ‘तिमी’. आणि ‘ऑनर’साठी? तोही ‘तिमी’च. दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली किंमत आणि एखाद्याला दिलेला मान, दोन्ही एकाच शब्दात.

यातला जुना अर्थ मानाचा आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये अखिलिस रुसून युद्धातून बाजूला होतो. कारण सेनापती अगामेम्नॉन त्याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस काढून घेतो. प्रश्न असतो तो ‘तिमी’चा. योद्ध्याची योग्यता काय, हे त्याला मिळालेल्या वाट्यावरून ठरत असे. मान आणि मोबदला यांच्यात तेव्हा आजच्यासारखी भिंत नव्हती.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘घरात माझ्या शब्दाला किंमतच नाही’ असं म्हणताना आपणही बाजारातलाच शब्द वापरतो.

‘तिमी’पासून पुढे बरंच कुटुंब वाढलं आहे. व्यापाऱ्याचं बिल म्हणजे ‘तिमोलोयियो’. दरपत्रक म्हणजे ‘तिमोकातालोगोस’. आणि वाहतूक पोलिसाने केलेला दंड म्हणजे ‘प्रोस्तिमो’, त्यातही मध्ये ‘तिमी’ बसलेली आहे.

दागिने आणि मौल्यवान वस्तूंना ग्रीकमध्ये ‘तिमाल्फी’ म्हणतात. यातला शेवटचा ‘अल्फी’ हा तुकडा फार जुना, अर्थ ‘मिळकत’. संस्कृतमधला ‘अर्घ’ म्हणजे मोल, हा त्याचा लांबचा भाऊ. ‘महा’ आणि ‘अर्घ’ मिळून झालं ‘महार्घ’ आणि त्याचं मराठीत झालं ‘महाग’.

इंग्रजी ‘व्हॅल्यू’साठी मात्र वेगळा शब्द आहे, ‘आक्सिया’. गणितातलं ‘अ‍ॅक्झिअम’ याच मुळातून आलं. जे मानण्याच्या योग्यतेचं आहे, ते गृहीतक. आज ग्रीसमध्ये हा शब्द प्रत्येक पावतीवर असतो, पण संक्षेपात. मूल्यवर्धित कराला तिथे ‘फी-पी-आ’ म्हणतात, त्यातला शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘आक्सिया’. या कराचा मुख्य दर २०१६ पासून २४ टक्के आहे.

बाहेर जाण्याचा रस्ता आणि महिन्याचा खर्च

अथेन्सच्या मेट्रोत बाहेर पडण्याच्या दारावर पाटी असते, ‘एक्सोदोस’. आणि महिन्याच्या खर्चाला ग्रीक लोक म्हणतात ‘एक्सोदा’. एक शब्द स्त्रीलिंगी, दुसरा नपुंसकलिंगी अनेकवचनी, पण मूळ एकच. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘ओदोस’ म्हणजे रस्ता. खर्च म्हणजे जे घराबाहेर जातं ते.

मग उत्पन्न? ‘एसोदा’, म्हणजे जे आत येतं ते. ग्रीक गृहिणीच्या वहीत एका बाजूला ‘एसोदा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एक्सोदा’ असतं. फरक एका अक्षराच्या आवाजाचा, आणि सगळा संसार त्या फरकावर चाललेला. कार्यालयातल्या ‘आवक-जावक’ रजिस्टरची आठवण करून देणारी ही जोडी आहे.

खरी पंचाईत होते ती इंग्रजी ‘फी’ या शब्दाची. मराठीत आपण ‘फी’ सरळ उचलला आणि शाळेपासून डॉक्टरपर्यंत सगळीकडे लावला. ग्रीकमध्ये असं करता येत नाही. शिकवणीची फी असेल तर ‘दिदाक्त्रा’. महामार्गावरचा टोल असेल तर ‘दिओदिया’, म्हणजे रस्त्यातून पलीकडे जाण्याचे पैसे. दलालाचं कमिशन ‘प्रोमिथिया’. वकिलाचा किंवा कलावंताचा मोबदला ‘आमिवी’.

हा ‘आमिवी’ ओळखीचा वाटत असेल तर ते बरोबर आहे. त्याचा जुना अर्थ ‘बदल, देवाणघेवाण’. सतत आकार बदलणाऱ्या एकपेशीय जीवाला शास्त्रज्ञांनी याच शब्दावरून ‘अमिबा’ हे नाव दिलं. म्हणजे वकिलाची फी आणि शाळेच्या पुस्तकातला अमिबा सख्खे नातेवाईक आहेत. यावर वकिलांचं मत काय असेल ते सोडून देऊ.

‘भाडं’ या शब्दाच्या बाबतीत अडचण उलट्या बाजूने येते. मराठीत खोलीचंही भाडं आणि रिक्षाचंही भाडंच. ग्रीकमध्ये खोलीचं भाडं ‘एनिकियो’, कारण त्यात ‘इकोस’ म्हणजे घर आहे. प्रवासाचं भाडं ‘नावला’, कारण त्यात ‘नाव’ म्हणजे जहाज आहे. बेटांच्या देशात प्रवास म्हणजे आधी बोटच. ग्रीक ‘नाव’ आणि आपली ‘नौका’ एकाच जुन्या मुळापासून निघाल्या आहेत.

पैसे ‘भरणं’ फक्त मराठीत नाही

मराठीत आपण वीजबिल ‘भरतो’, कर ‘भरतो’, फी ‘भरतो’. बादली भरावी तसे पैसे भरतो. परभाषकांना हे विचित्र वाटतं. ग्रीकांना वाटणार नाही.

पैसे देणे यासाठी ग्रीक क्रियापद आहे ‘प्लिरोनो’. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होता ‘भरून टाकणे’. ‘प्लिरिस’ म्हणजे भरलेला, पूर्ण. संस्कृतचा ‘पूर्ण’ आणि हा ‘प्लिरिस’ एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत, ध्वनीत थोडा फरक पडला इतकंच. देणं बाकी असतं तेव्हा खड्डा असतो, पैसे दिले की तो भरतो, ही कल्पना दोन्हीकडे आपापली तयार झालेली दिसते.

कराची गोष्ट त्याहून गमतीची आहे. कर म्हणजे ‘फोरोस’. हा शब्द ‘फेरो’ म्हणजे ‘वाहून आणणे’ या क्रियापदापासून निघाला. इ.स.पू. ४७८-७७ मध्ये अथेन्सच्या नेतृत्वाखाली डेलोसचा संघ उभा राहिला आणि सदस्य नगरांनी दरवर्षी द्यायच्या खंडणीला ‘फोरोस’ म्हणू लागले. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने पहिली आकारणी ४६० टॅलेंट इतकी नोंदवली आहे. आता ‘फेरो’चा संस्कृतमधला जुळा भाऊ म्हणजे ‘भृ’ धातू, ‘भरति’. मराठीतलं ‘भरणे’ तिथूनच आलं. म्हणजे ‘कर भरणे’ असं म्हणताना मराठी माणूस नकळत ‘फोरोस’चाच सख्खा भाऊ उच्चारत असतो.

पैसे भरले की पावती हवी. पावतीला ग्रीक शब्द ‘आपोदिक्सी’, अर्थ ‘पुरावा’. भूमितीतल्या प्रमेयाच्या सिद्धतेलाही हाच शब्द. ग्रीसमध्ये हॉटेलांतून एक सूचना लावलेली असते की पावती मिळाली नाही तर ग्राहक पैसे देण्यास बांधील नाही. करचुकवेगिरीला आळा घालण्यासाठीचा हा नियम आहे. प्रमेय सिद्ध केल्याशिवाय गुण नाहीत, तसं पुराव्याशिवाय पैसे नाहीत.

लेफ्ता, ख्रीमा आणि आपला ‘दाम’

‘मनी’ला शब्दकोशातला शब्द ‘ख्रीमा’. जुना अर्थ ‘वापरायची, गरजेची वस्तू’. आज तो बातम्यांत, कायद्यात आणि बँकेच्या कागदांवर असतो. शेअर बाजाराला ‘ख्रिमातिस्तिरियो’ म्हणतात तो यावरूनच. भ्रष्टाचाराच्या बातमीत ‘मावरो ख्रीमा’ दिसतो, शब्दशः काळा पैसा. डॉक्टरला गुपचूप दिल्या जाणाऱ्या पैशांसाठी ‘फाकेलाकी’ हा शब्द आहे, म्हणजे छोटं पाकीट. मराठीत ‘पाकीट दिलं’ म्हटल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, तिथेही नाही.

पण घरात, बसमध्ये, मित्रांत कोणी ‘ख्रीमा’ म्हणत नाही. तिथे चालतो ‘लेफ्ता’. हा ‘लेप्तो’चा बोलीतला अवतार. ‘लेप्तो’ म्हणजे पातळ, बारीक. सगळ्यात लहान, पातळ नाण्याला ते नाव पडलं. बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिरात टाकलेली दोन छोटी नाणी मूळ ग्रीक मजकुरात ‘लेप्ता’च आहेत. पुढे तासाच्या बारीक भागालाही, म्हणजे मिनिटालाही, ‘लेप्तो’ म्हणू लागले. १९४८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लिऑन रोझेनफेल्ड यांनी हलक्या कणांच्या गटाला ‘लेप्टॉन’ हे नाव सुचवलं ते याच शब्दावरून. ग्रीसमध्ये पाडलेल्या युरोच्या सुट्ट्या नाण्यांवर आजही ‘सेंट’ ऐवजी ‘लेप्तो’ किंवा ‘लेप्ता’ असं लिहिलेलं असतं.

याशिवाय एक तिसरा शब्द आहे, ‘पारादेस’. तो तुर्की ‘पारा’वरून आला. ऑटोमन सत्तेच्या शतकांनी मागे ठेवलेल्या अनेक शब्दांपैकी हा एक.

आता ‘दाम’. युरो येण्याआधी ग्रीसचं चलन होतं द्राख्मी, म्हणजे आपण ज्याला ‘द्राख्मा’ म्हणून ओळखतो ते. हे नाव ‘मुठीत धरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलं. नाण्यांच्या आधी लोखंडी सळया चलनासारख्या वापरल्या जात आणि एका मुठीत मावणाऱ्या सहा सळया म्हणजे एक द्राख्मा. सळईला शब्द होता ‘ओबेलोस’, त्यावरून सहाव्या हिश्शाच्या नाण्याला ‘ओबोलोस’ हे नाव पडलं. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात अशा सळयांची जुडी सापडली. १०० द्राख्मांचा एक ‘म्ना’, ६० म्नांचा एक टॅलेंट. माणसाच्या अंगातल्या गुणाला आपण आज टॅलेंट म्हणतो, ते मुळात एक वजन होतं.

हिंद-ग्रीक राजांनी भारताच्या वायव्येत चांदीचे द्राख्मे पाडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की भडोचच्या बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे, ग्रीक अक्षरं असलेले जुने द्राख्मे तेव्हाही चलनात होते. त्याच पट्ट्यातला क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवरही ग्रीक लिपी होती. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. हरलेल्या राजाचं नाणं वितळवायचीही गरज नाही, वरून आपला शिक्का मारला की झालं.

‘द्राख्मी’चं संस्कृतमध्ये झालं ‘द्रम्म’. प्राकृतात ‘दम्म’. आणि मराठी-हिंदीत ‘दाम’. कोकणातल्या शिलाहार राजांच्या लेखांत द्रम्म येतात. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त सुरुवातीलाच कोष्टक आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. पुढे अकबराच्या काळात तांब्याच्या नाण्याला ‘दाम’ म्हणत आणि ४० दामांचा एक रुपया होई. ‘दमडी’ आणि ‘छदाम’ याच घरातले.

दुसऱ्या वाटेने हाच शब्द इराणमार्गे अरबीत गेला आणि ‘दिरहम’ झाला. दुबईत नोकरी करणारा मराठी माणूस दिरहममध्ये पगार घेतो आणि गावी ‘सोन्याचे दाम वाढले’ असं बोलतो, तेव्हा तो एकच ग्रीक शब्द दोन वेशांत वापरत असतो.

महागाईला ‘अचूकता’ का म्हणतात?

ग्रीक बातम्या भाषांतराच्या यंत्रातून वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. ‘आक्रीविया’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, अचूकता. दुसरा, महागाई. संदर्भ चुकला की ‘महागाईविरोधात मोर्चा’ या बातमीचा ‘अचूकतेविरोधात मोर्चा’ होऊ शकतो.

हे घडलं कसं? प्राचीन ग्रीकमध्ये या शब्दकुळाचा अर्थ काटेकोर, तंतोतंत. जो पैशाच्या बाबतीत काटेकोर असतो तो हळूहळू चिक्कू ठरतो. जो चिक्कूपणे विकतो त्याच्याकडे वस्तू महाग मिळते. अशा पायऱ्या उतरत शब्द महागाईपर्यंत आला. ‘आक्रिवोस’ म्हणजे महाग, आणि ‘आक्रिवोस’ म्हणजेच ‘अगदी बरोबर!’ लिहिताना शेवटचा स्वर वेगवेगळा, पण आजच्या उच्चारात काहीही फरक नाही. शिवाय जिवलग मित्रालाही ‘आक्रिवोस’ म्हणता येतं. इंग्रजी ‘डिअर’ हा शब्दही प्रिय आणि महाग अशा दोन्ही अर्थांनी चालतो, तसंच.

स्वस्त म्हणजे ‘फ्तिनोस’. हा जुन्या ‘एव्थिनोस’ म्हणजे ‘विपुल, भरभराटीचा’ या शब्दाचा झिजलेला अवतार. जे भरपूर पिकतं ते स्वस्त, अर्थशास्त्राचा पहिला धडा एका शब्दात. फुकट म्हणजे ‘दोरेआन’, शब्दशः ‘भेट म्हणून’. त्यातला ‘दो’ आणि आपल्या ‘दान’मधला ‘दा’ एकच. बोलीत मात्र ‘त्साम्बा’ म्हणतात, तो पुन्हा तुर्की.

चलनफुगवट्याला वेगळा शब्द आहे, ‘प्लिथोरिझ्मोस’, म्हणजे अतिभरणा. ग्रीकांनी त्याची हद्द पाहिली आहे. १९४४ मध्ये तिथे १०० अब्ज द्राख्मांची, म्हणजे १० हजार कोटींची, एकच नोट छापावी लागली. नोव्हेंबर १९४४ मध्ये नवा द्राख्मा आला तेव्हा दर होता जुने ५ हजार कोटी देऊन नवा एक. हे आकडे लक्षात ठेवले की ग्रीक म्हातारी माणसं घरात सोन्याचे पौंड का जपून ठेवत, याचं आश्चर्य वाटत नाही.

व्याजाला बाळंतपणाचा शब्द, कर्जाला कर्तव्याचा

व्याज म्हणजे ‘तोकोस’. प्राचीन अर्थ प्रसूती, संतती. आजही बाळंतपणाला ‘तोकेतोस’ म्हणतात. पैशाने पैशाला जन्म दिला की जे होतं ते व्याज. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात नेमकं याच शब्दावर बोट ठेवलं. पैसा देवाणघेवाणीसाठी असतो, त्याने स्वतःचीच पिल्लं काढणं हा संपत्ती मिळवण्याचा सगळ्यात अनैसर्गिक मार्ग, असा त्याचा आक्षेप होता.

बँकेच्या व्याजदराला आज ‘एपितोकियो’ म्हणतात. बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिरातीत ‘आतोकेस दोसिस’ असं लिहितात, शब्दशः ‘निपुत्रिक हप्ते’. आणि खासगी सावकाराला म्हणतात ‘तोकोग्लिफोस’, व्याज कोरून काढणारा.

मराठी ‘व्याज’ या शब्दाचा इतिहास याहूनही तिखट आहे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. ‘निर्व्याज प्रेम’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो, बिनव्याजी प्रेम असा नाही. ग्रीकांनी व्याजात जन्म पाहिला, आपल्याकडे त्यात आधी कपट दिसलं. दामाशी जोडलेला ‘दामदुप्पट’ नावाचा नियमही आपल्याकडे होता. एका वेळी मुद्दलाइतक्याच व्याजाची वसुली, त्याहून जास्त नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू कायद्याचा भाग म्हणून तो मान्य केला होता.

बँक म्हणजे ‘त्रापेझा’. हा शब्द ‘चार पायांची’ या अर्थाचा आहे, म्हणजे टेबल. अथेन्सच्या बाजारात नाणी बदलून देणारे टेबल मांडून बसत. इंग्रजी ‘बँक’ हाही इटालियन ‘बांको’ म्हणजे बाकडं, यावरून आलेला. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समधला सगळ्यात श्रीमंत टेबलवाला होता पासिऑन, जो गुलाम म्हणून आला आणि नागरिक झाला.

कर्जाच्या बोज्याला शब्द आहे ‘ख्रेओस’. त्याचाच दुसरा अर्थ कर्तव्य. आपल्याकडे ‘ऋण’ या शब्दात जशी पितृऋण, ऋषिऋण ही कल्पना आहे, तशीच ही. त्यामुळे २०१० नंतर जेव्हा ग्रीसच्या सरकारी कर्जाची, ‘दिमोसियो ख्रेओस’ची, चर्चा जगभर सुरू झाली तेव्हा तो शब्द ग्रीक कानाला नुसता आकड्याचा नव्हता. फेडणं हे कर्तव्य की पेलेल तितकंच फेडणं हे कर्तव्य, हा वाद शब्दातच होता.

दिवाळखोरीला म्हणतात ‘ख्रेओकोपिया’, म्हणजे ‘कर्ज कापणं’. प्राचीन काळी याचा अर्थ कर्जमाफी असा होता. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलॉनने अथेन्समध्ये कर्जं रद्द केली आणि कर्जापायी माणसाला गुलाम करायची पद्धत बंद केली. या सुधारणेला नाव पडलं ‘सिसाख्थिया’, ओझं झटकून टाकणं. प्लुटार्क सांगतो की सोलॉनच्या काही मित्रांना हे आधीच कळलं. त्यांनी भरपूर कर्ज काढून जमिनी घेतल्या आणि मग कर्जमाफी झाली. लोकांनी त्यांना ‘ख्रेओकोपिदे’ म्हणजे ‘कर्जबुडव्यांचं घराणं’ असं टोपणनाव दिलं. आतल्या गोटातल्या बातमीवर पैसे कमावण्याचा प्रकार अडीच हजार वर्षं जुना आहे.

मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांच्या ग्रीक सरकारी रोख्यांची दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कमी करण्यात आली. इंग्रजी आर्थिक भाषेत याला ‘हेअरकट’ म्हणतात. ग्रीकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, ‘कूरेमा’, म्हणजे न्हाव्याकडे केस कापणं. कात्री फक्त परदेशी बँकांवर चालली नाही. ग्रीसच्या पेन्शन फंडांकडेही हे रोखे होते आणि आयुष्यभराची बचत रोख्यांत ठेवलेले साधे लोकही होते. न्हाव्याच्या दुकानातला शब्द त्यांच्यासाठी तेव्हापासून साधा राहिला नाही.

त्याच वर्षी पगारही कापले गेले. पगार म्हणजे ‘मिस्थोस’. किमान मासिक वेतन ७५१ युरोवरून ५८६ युरोवर आणलं गेलं. पंचवीस वर्षांखालच्या तरुणांसाठी कपात आणखी मोठी होती. ‘मिस्थोस’चा आपल्याशी संबंध आहे तो फारसीमार्गे. फारसीत मोबदल्याला ‘मुझ्द’ म्हणतात, तो ‘मिस्थोस’चाच सगोत्र, आणि ‘मुझ्द’वरून आला मजदूर, म्हणजे मराठीतला मजूर. रोजंदारीसाठी ग्रीकमध्ये ‘मेरोकामातो’ हा शब्द आहे, अर्थ ‘दिवसाचा थकवा’. मजुरीची इतकी प्रामाणिक व्याख्या क्वचितच सापडेल.

२०१० ते २०१८ या काळात तीन कार्यक्रमांतून ग्रीसला सुमारे २८९ अब्ज युरोचं कर्ज मिळालं. त्या करारांना ग्रीक लोक ‘म्निमोनियो’ म्हणत, मेमोरँडमचं भाषांतर, मुळात ‘स्मरण’. २८ जून २०१५ च्या रात्री बँका बंद करण्याचा आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येतील असा निर्णय झाला. त्या निर्बंधांना मात्र कोणी ग्रीक शब्द शोधत बसलं नाही. रांगेतले आजी-आजोबाही ‘कॅपिटल कंट्रोल्स’ असंच म्हणत होते.

नाणं गेलं, म्हण राहिली

नाण्याला आणि चलनाला ग्रीक शब्द ‘नोमिस्मा’, ‘नोमोस’ म्हणजे कायदा, प्रथा यावरून. नाण्याला किंमत निसर्गाने नाही, आपण ठरवली म्हणून आहे आणि ती रद्द करणंही आपल्या हातात आहे, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा आल्या. ३४०.७५ द्राख्मांना एक युरो या दराने जुनं नाणं बदललं गेलं आणि दोन महिन्यांत द्राख्मा व्यवहारातून गेला. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरचं घुबड ठेवलं आहे.

बोलण्यातून मात्र जुनी नाणी गेलेली नाहीत. ‘देकारा’ हे १० लेप्तांचं नाणं होतं. ज्याच्या खिशात काहीच नाही त्याच्याकडे आजही ‘तुटकी देकारा’ नसते, आपल्याकडे फुटकी कवडी नसते तशी. आणि एखादी सामान्य गोष्ट भलतीच महागात पडली की ग्रीक माणूस म्हणतो, ‘मला कोकिळा बुलबुलाच्या भावात पडली.’ त्यांच्याकडची कोकिळा गाण्यासाठी नावाजलेली नाही, म्हणून हा टोमणा. मराठीत भाषांतर करायचं तर पक्षी सोडून द्यावे लागतील आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला घ्यावा लागेल. आणेही कधीच बंद झाले आहेत.